यथासंभव

नगर निगमाच्या तिसऱ्या मजल्यावर, नकाशा शाखेत,
माझ्या टेबलावर इंदूरचा एक जुना निळा नकाशा आहे,
घडीवर फाटलेला, मागून कापडाच्या पट्टीने सांधलेला.
त्यात पाण्याची लाईन टाकीपासून निघते सहा इंची,
बाजाराच्या पाठीमागून, दत्ताच्या देवळाला वळसा घालून
आमच्या गल्लीत शिरते, सहा इंचीच.
मग पिंपळाच्या पाराशी एक बारीक टिंब.
पुढे दोन इंची.

टिंबापाशी काही लिहिलेलं नाही.
नकाशा काढणाऱ्याला ठाऊक होतं,
पाइप जोडणाऱ्याला ठाऊक होतं.
लोखंडाला तर कुणी काही सांगितलंही नव्हतं,
तरी ते तिथे आलं
आणि अंग चोरून पुढे गेलं.

पाराच्या पलीकडे रेशमबाई करोसिया राहतात.
पहाटे पाचला आमच्या दारापुढे त्यांचा झाडू वाजतो,
सहाला मी चहा टाकते.
चौकात स्वच्छतेचा मोठा फलक लागलाय,
त्यावर झाडू आहे. हात नाहीत.

गेल्या वर्षी निगमात समता कक्ष निघाला.
दोन खुर्च्या, एक कूलर,
आणि एक कपाट, किल्ली स्टोअरकडे.
लोकेंद्र अहिरवार नावाचा तरुण अधिकारी आला,
आल्या आल्या माझ्या नकाशावर वाकला.
"मॅडम, ये बिंदी किसने लगाई?"
मी म्हटलं, छपाईचा डाग असेल.
त्याने मान हलवली, भिंग मागितलं,
आणि संध्याकाळपर्यंत शहरभर
असे एकेचाळीस डाग मोजले.

ठराव मीच टाइप केला:
प्रत्येक वस्तीस समान व्यासाची नळजोडणी देण्यात येईल.
बैठक चार तास चालली. जातीचं नाव कुणी काढलं नाही.
उतारावर बोलले, दाबावर, निधीवर,
झाडांच्या मुळांवर तर फारच कळवळून.
शेवटी कुणीतरी कचोरीच्या बशीआडून एक शब्द पुढे सरकवला
आणि तो पाहुण्यासारखा आला,
वाक्याच्या मधोमध मांडी घालून बसला:
यथासंभव.

तरी पौषात एका रात्री पार खणला गेला.
अहिरवार मफलर गुंडाळून खड्ड्याच्या कडेला उभा,
पहाटेपर्यंत.
खालून दोन इंचाचा तुकडा निघाला,
गंजून आतून जवळजवळ बुजलेला.
तो आता कक्षात फायलींवर ठेवलाय,
वारा आला की उपयोगी पडतो.

रेशमबाईंची बादली एका दमात भरली.
त्या म्हणाल्या, "आवाज अलग आता है."
एवढंच. आणि झाडू घेऊन निघाल्या,
कारण पाच वाजले होते.

आमच्या गच्चीवरची टाकी त्या आठवड्यापासून
अर्धीच भरू लागली.
दीर म्हणाले, घरपट्टी वेळेवर आपण भरतो.
शेजारच्या मुजुमदार वहिनी म्हणाल्या,
चांगलंच झालं हो त्यांचं, पण आपल्याला का म्हणून?
मी डाळ फोडणीला टाकली. काही बोलले नाही.
रात्री साडेदहाला, सगळे झोपल्यावर,
फोनवरून तक्रार नोंदवली: दाब कमी.
नाव नवऱ्याचं घातलं.

चार दिवसांनी तो कागद या खात्यातून त्या खात्यात फिरत
माझ्याच टेबलावर आला. खाली रकाना, शेरा.
मी नकाशा उलगडला.
टिंब होतं तिथे अहिरवारने पेन्सिलीने
दोन रेघा ओढल्यात, पाराखालून सरळ आरपार.
अजून शाई चढवलेली नाही, ते काम माझं.
खोडरबरही माझ्याच खणात असतं.

शेऱ्यात मी पहिलं अक्षर लिहिलं, य,
आणि तिथेच थांबले.
शेजारी कुणीतरी डबा उघडला, लोणच्याचा वास आला.
पेनाचं टोक कागदावर टेकलेलंच राहिलं
आणि शाईचा डाग
हळूहळू मोठा होत गेला.